उलटी अक्षरे

आमच्या व्यवसायाविषयी कोणी विचारले, तर आम्ही 'ग्रंथपाल' असे सांगून मोकळे होतो. उत्तर खोटे नाही. पण अगदी सरळही नाही. गेल्या वर्षी रामेश्वराच्या यात्रेस निघालेले आमचे एक मामा वाटेत चार दिवस चेन्नईस उतरले. भाच्याचे ग्रंथालय पाहिल्यावाचून पुण्यास परतायचे नाही, असा त्यांनी हट्टच धरला. तेव्हा आम्ही त्यांना पेरुंगुडीस घेऊन गेलो. तीन खोल्यांचे ते आमचे कार्यालय. सहा संगणक, डाख देण्याची दोन टेबले, मोठ्या भिंगाचा एक दिवा आणि भिंतीवर तमिळ दिनदर्शिका, एवढाच तेथला संसार. मामांनी चारही भिंती न्याहाळल्या, दाराआड डोकावून पाहिले आणि विचारले, "अरे, पण पुस्तके कुठे आहेत?"

"या यंत्रात."

"किती?"

"साडेचार हजारांच्या आसपास. पण त्यांतले एकही वाचण्याजोगे नाही."

मामा यावर काही बोलले नाहीत. रात्री जेवणे झाल्यावर त्यांनी आमच्या सौभाग्यवतींना एकीकडे घेऊन 'याची नोकरी नीट आहे ना?' असे विचारल्याचे मात्र आमच्या कानावर आले.

मामांचा यात काही दोष नाही. आमच्या धंद्याने एक भारदस्त शब्द उचलून तो भलत्याच वस्तूस लावला आहे. रेडिओच्या, दूरध्वनीच्या किंवा घरातल्या पाण्याच्या पंपाच्या खोक्याचे झाकण काढले, तर आत एक हिरवी पाटी दिसते. तिच्यावर तांब्याच्या बारीक रेघा असतात आणि त्या रेघांच्या टोकांवर नाना आकारांचे सुटे भाग डाखाने बसवलेले असतात. ही पाटी म्हणजे सर्किट बोर्ड. तिचा आराखडा आता संगणकावर काढतात; आणि तो काढणाऱ्यास प्रत्येक सुट्या भागाची आकृती आधीच तयार मिळावी लागते. अशा आकृत्यांच्या संग्रहास लायब्ररी म्हणतात. ती करणे, निगुतीने ठेवणे आणि आराखडे काढणाऱ्यांस पुरवणे हा आमचा उद्योग आहे.

प्रत्येक भागाची आम्हांस दोन रूपे काढावी लागतात. पहिले त्याचे चिन्ह. ते बुद्धीसाठी असते. या भागाला पाय किती, कोणता पाय कशाचा, एवढेच ते सांगते. भाग दिसतो कसा, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. दुसरे रूप म्हणजे फूटप्रिंट. भागाचे पाय पाटीवर जेथे टेकणार, तेथे तांब्याच्या नेमक्या तेवढ्या टिकल्या असाव्या लागतात. त्यांची ही आकृती. या शब्दाचा आम्हांस प्रथमपासूनच लोभ आहे, कारण तो ऐकला की भाद्रपदातल्या गौरी आठवतात. गौर यायच्या दिवशी आमची आई उंबरठ्यापासून देवघरापर्यंत रांगोळीची पावले काढीत असे. जी अद्याप आलेली नाही, तिची पावले आधीच काढून ठेवायची आणि ती आली की नेमकी त्यांवरून चालत येणार, असा विश्वास बाळगायचा! आम्हीही दिवसभर दुसरे काय करतो? मात्र आईची एक ताकीद असे. पावले आत येणारी काढायची. डावे-उजवे चुकले, बोटांची दिशा फिरली, की सारेच उलटे. ही ताकीद पुढे आमच्या धंद्यात किती खरी ठरणार आहे, याची त्या वेळी आम्हांस कल्पना नव्हती.

कोणी म्हणेल, आराखड्याच्या सॉफ्टवेअरबरोबर हजारो आकृत्या आयत्याच मिळतात. मग तुम्ही नव्याने काय काढता? प्रश्न रास्त आहे. आमचा वावर 'कीकॅड' या सॉफ्टवेअरमध्ये असतो. फ्रान्समधल्या ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये ते लिहावयास घेतले. जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या भौतिकशास्त्राच्या संशोधनसंस्थेने २०१३ पासून त्यास हातभार लावला. ते फुकट मिळते, आणि त्याची भली थोरली लायब्ररी जगभरच्या स्वयंसेवकांनी भरलेली आहे. परंतु बाजारात रोज नवे भाग येतात. शिवाय रिची स्ट्रीटच्या एखाद्या दुकानात जो देशी बनावटीचा रिले स्वस्तात मिळतो, त्याची आकृती पॅरिसच्या स्वयंसेवकाने कशासाठी काढून ठेवावी? ती आपली आपणच काढावी लागते. आणि आयती मिळालेली आकृतीदेखील डोळे मिटून घेण्याची नसते.

याचे कारण असे, की या सुट्या भागांच्या जगात सारखे दिसणे आणि सारखे असणे यांचा फारसा संबंध नाही. ७८०५ आणि ७९०५ हे दोन रेग्युलेटर घ्या. एक अधिक पाच व्होल्ट देतो, दुसरा उणे पाच. दोघांचे काळे अंग एक, पाठीवरचा धातूचा पत्रा एक, पाय तीन-तीन. पण पहिल्याच्या पायांचा क्रम इनपुट, ग्राउंड, आउटपुट. दुसऱ्याचा ग्राउंड, इनपुट, आउटपुट. ट्रान्झिस्टरचीही तीच गत. बीसी ५४७ सपाट बाजूने समोर धरला, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन ३९०४ तसाच धरला, तर एमिटर, बेस, कलेक्टर. नावांचा घोळ तर याहूनही गमतीचा. '०६०३' असा आकडा लिहिलेला रेझिस्टर इंचांच्या हिशेबाने १.६ मिलिमीटर लांब आणि ०.८ मिलिमीटर रुंद असतो. तोच आकडा मिलिमीटरच्या हिशेबाने लिहिलेला असला, तर तो ०.६ बाय ०.३. दोघांच्या घराण्यांत हा आकडा प्रतिष्ठित आहे. ज्याने न विचारता घेतला, त्याच्या पाटीवर मुंगीच्या पायांसाठी हत्तीची पावले, किंवा हत्तीसाठी मुंगीची.

म्हणून प्रत्येक नव्या भागाची डेटाशीट मिळवावी लागते. तिच्यात पायांची लांबी-रुंदी कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती हे दिलेले असते. त्यावरून तांब्याची टिकली किती मोठी ठेवायची, पायाच्या बोटापुढे, टाचेमागे आणि दोन्ही अंगांना डाख धरण्यास जागा किती सोडायची, याचा हिशेब करावा लागतो. या हिशेबाचा 'आयपीसी ७३५१' नावाचा आंतरराष्ट्रीय नियमग्रंथ २००५ मध्ये निघाला. पाटीवर जागा ऐसपैस असेल, बेताची असेल किंवा अगदी दाटीची असेल, तर टिकल्यांचे माप प्रत्येक वेळी किती, हे तो सांगतो. सर्व झाल्यावर आम्ही आकृती कागदावर खऱ्या मापात छापतो आणि खरा भाग त्या कागदावर ठेवून पाहतो. पाय टिकल्यांवर बरोबर बसले, की जिवाला बरे वाटते. मग त्या आकृतीच्या नोंदीत 'तपासले' असा शब्द आणि आमच्या नावाची आद्याक्षरे घालतो.

हे सारे आम्हांस नवे असे कधी वाटलेच नाही. आमचे वडील पुण्यात शनिवार पेठेतल्या एका छापखान्यात जुळारी होते. मुद्रित सर्किटाचा उद्गम खरोखरच छपाईच्या कल्पनेतून झाला आहे, हे आम्हांस पुष्कळ पुढे कळले. व्हिएन्नाहून लंडनला आलेल्या पाउल आइस्लर या गृहस्थांनी १९३६ च्या सुमारास तारांच्या गुंतवळ्याऐवजी पत्र्यावर छापलेल्या वाटांचा रेडिओ करून पाहिला. छापखान्याच्या कामाची त्यांना आधीपासून ओळख होती. संगणक येण्यापूर्वी आराखडे काढणारे लोक पारदर्शक कागदावर काळ्या चिकटपट्ट्या आणि टिकल्या डकवीत. हे काम खऱ्या मापाच्या दुप्पट किंवा चौपट आकारात करून मग छायाचित्राने लहान करीत. टिकल्यांच्या तयार पानांची चळत हीच त्या काळची लायब्ररी. म्हणजे जुळाऱ्याची खिळ्यांची पेटी आणि आमचा संग्रह यांत अंतर आहे ते काळाचे, जातीचे नव्हे.

वडिलांच्या पेटीत लहान लहान घरे असत. 'क' चे घर वेगळे, 'म' चे वेगळे, काने-वेलांट्यांची वेगळी, जोडाक्षरांची तर वेगळीच आळी. शिशाच्या खिळ्यावरचे अक्षर उलटे, आरशातले असते. तेव्हाच ते कागदावर सुलटे उमटते. वडील त्या उलट्या ओळी आपण वर्तमानपत्र वाचतो तशा घडाघडा वाचीत. आम्ही लहानपणी विचारले होते, "दादा, तुम्ही चुकत कसे नाही?" ते म्हणाले, "चुकतो की! म्हणून तर प्रूफ दुसरा वाचतो. ज्याने जुळवले, त्याने आपले प्रूफ वाचू नये. त्याला जे लिहायचे होते तेच दिसते. जे लिहिले ते दिसत नाही."

दुसरी गोष्ट ते सांगत ती खिळे परत घरात टाकण्याविषयी. फॉर्म छापून झाला, की एकेक खिळा उचलून आपापल्या घरी टाकायचा. हे काम कंटाळवाणे. संध्याकाळी दमल्यावर करायचे. त्या वेळी 'भ' चा खिळा चुकून 'म' च्या घरात पडला, तर त्या दिवशी कोणालाच कळत नाही. पुढच्या आठवड्यात दुसराच कोणी जुळारी न पाहता तेथे हात घालतो आणि कोणाच्या तरी लग्नपत्रिकेत चूक छापली जाते. "चूक करणारा आज करतो, भोगणारा उद्या भोगतो, आणि भोगणाऱ्याला वाटते, आपणच चुकलो," असे दादा म्हणत.

निवृत्तीनंतर दादा एकदा आमच्याकडे चेन्नईस आले, तेव्हा आम्ही त्यांना तंजावरास घेऊन गेलो. चेन्नईत येणाऱ्या मराठी माणसाने ही यात्रा चुकवू नये. सरफोजी राजांच्या नावाशी जोडलेला सरस्वती महाल पाहिला. ग्रंथालय कशास म्हणतात, हे मामांना तेथेच दाखवावयास हवे होते. याच राजांच्या छापखान्यात १८०६ मध्ये इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक, 'बालबोध मुक्तावली', छापले गेले, हे सांगताच दादांनी विचारले, "खिळे कोणी पाडले?" आम्हांस उत्तर देता आले नाही. मग बृहदीश्वराच्या आवारात गेलो. तेथल्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा इतिहास सांगणारा १८०३ चा लांबच लांब मराठी शिलालेख आहे. दादा त्या ओळींपुढे पुष्कळ वेळ उभे राहिले. सारा मजकूर त्यांनी वाचला असेल असे नाही. अक्षरांची जुळणी मात्र ते पाहत होते. निघताना एवढेच म्हणाले, "आम्हांला बरे. खिळा काढता येतो. याला चुकायची सोयच नव्हती."

आमचे तांबे दादांच्या शिशापेक्षा त्या दगडाला अधिक जवळचे आहे, हे आम्हांस २०२१ च्या सप्टेंबरात कळून चुकले. जी हकीगत सांगण्यासाठी आम्ही हे सर्व लांबण लावले, ती आता सांगावयास हवी.

पेरुंगुडी हा मुळात पाण्याचा प्रदेश. एका अंगाला पळ्ळिकरणैची दलदल. तिला २०२२ मध्ये रामसर यादीत स्थान मिळाले. आमच्या खिडकीतून तिचा एक तुकडा दिसतो. कधी बगळे, कधी जांभळ्या पाणकोंबड्या, आणि वारा फिरला की शहराच्या कचऱ्याच्या डोंगराचा वास. पूर्वी पावसाचे पाणी जेथे पसरत असे, तेथे आता काचेच्या इमारती आहेत. इमारती आल्या, पाणी आपला पत्ता विसरले नाही. ऑक्टोबरपासून ईशान्येचा पाऊस सुरू झाला, की ते तळघरांत येऊन उभे राहते. म्हणून येथे तळघरातले पाणी उपसणाऱ्या पंपांना मोठे महत्त्व. पाणी चढले की पंप आपोआप सुरू व्हावा आणि उतरले की बंद व्हावा, अशी पाटी करून देण्याचे काम आमच्याकडे आले होते. दोनशे पाट्या, आणि त्या पावसाआधी हव्या होत्या.

आराखडा एका तरुण सहकाऱ्याने काढला. मुलगा तिरुनेलवेलीकडचा, हुशार, अबोल. नोकरीत येऊन पाच महिने झालेले, कायम होण्यास एक महिना उरलेला. त्याने नमुना करून तपासला, तो उत्तम चालला. पण त्या वर्षी साऱ्या जगात सुट्या भागांचा दुष्काळ होता. नमुन्यातला रिले बाजारातून नाहीसा झाला. पर्याय म्हणून दुसऱ्या कारखान्याचा रिले मिळाला; आणि काय योगायोग, त्याची आकृती आमच्या लायब्ररीत होती! २०१७ मध्ये काढलेली, कधीच न वापरलेली, पण 'तपासले' असा शिक्का आणि आमची आद्याक्षरे असलेली. मुलाने ती घेतली. दुसरा नमुना करण्यास वेळ नव्हता. दोनशे पाट्या थेट छापून, भाग बसवून आल्या.

पहिली पाटी घेऊन आम्ही सर्व जण कार्यालयाच्या मागच्या नळापाशी जमलो. रिकाम्या बादलीत तरंगता खटका सोडला, लहानसा पंप जोडला आणि वीज दिली. बादली कोरडी ठणठणीत, आणि पंप घरघर करून फिरू लागला. पाणी ओतले. खटका वर आला, रिलेने 'टक्' असा आवाज केला, आणि पंप थांबला. पाणी काढले, पंप सुरू. पाणी ओतले, पंप बंद. कोणीतरी हसले. मालक हसले नाहीत. दुसरी पाटी लावली, तिसरी लावली. सर्वांचे वागणे एकसारखे उलटे.

रिले म्हणजे विजेने चालणारा आडणा. आत एक गुंडाळी. तिच्यात वीज गेली की ती पाते ओढून घेते. पाते एरवी एका टोकाला चिकटलेले असते, ओढले की दुसऱ्या टोकाला चिकटते. पंप या दुसऱ्या टोकाला जोडायचा असतो. अशा रिलेच्या पोटाखाली पाच पाय असतात. एका कडेला तीन, त्यांत मधला पात्याचा आणि दोन बाजूंना गुंडाळीचे. समोरच्या कडेला दोन, दोन टोकांचे. मधोमध रेघ ओढली, तर दोन्ही अंगे तंतोतंत सारखी. त्यामुळे आकृती आरशात उलटली, तरी रिले तिच्यावर बिनबोभाट बसतो. गुंडाळीला अधिक-उणे नसते, म्हणून तीही तक्रार करीत नाही. फक्त दोन टोकांची अदलाबदल होते.

मालकांनी मुलाकडे पाहून विचारले, "बोर्ड तुझा ना?" तो म्हणाला, "हो सार." मालक माणूस वाईट नव्हे, पण दोनशे पाट्यांचे पैसे त्यांच्या डोळ्यांपुढे नाचत होते. "एवढे साधे पाहता येत नाही, तर कायम करायचे की नाही याचा विचार केला पाहिजे," असे बोलून ते आत गेले. मुलगा बादलीतले पाणी ओतून टाकावयास लागला.

चूक कोणाची, हे आम्हांस त्याच क्षणी ठाऊक झाले होते. आणि आम्ही काही बोललो नाही.

आम्ही असे का केले, याची पुष्कळ कारणे त्या रात्री अंथरुणात सापडली. आधी खात्री करून घ्यावी. मालकांचा राग ओसरू द्यावा. मुलानेही डेटाशीट पाहावयास हवी होती. हे शेवटचे कारण तर खरेही होते, म्हणून अधिक सोयीचे वाटले. अकराच्या सुमारास आम्ही उठून संगणक लावला आणि ती जुनी डेटाशीट उघडली. पायांच्या आकृतीखाली बारीक अक्षरांत लिहिले होते की, हे चित्र खालून पाहिलेले आहे. भाग उताणा करून पाहावा तसे ते काढलेले होते, आणि आम्ही ते वरून पाहिल्याप्रमाणे जसेच्या तसे उतरवून घेतले होते. नोंदीची तारीख पाहिली. एका शुक्रवारची संध्याकाळ. पेरुंगुडी स्थानकावरची गाडी गाठण्याची घाई असणार. रिले तेव्हा आमच्या हाताशी नव्हताच. कागदावर ठेवून पाहिला असता, तरी तो मुकाट्याने बसलाच असता. 'तपासले' हा शब्द आम्ही स्वतःच्याच कामापुढे स्वतःच लिहिला होता. जुळाऱ्याच्या मुलाने आपले प्रूफ आपण वाचले होते. आणि उलटे अक्षर ओळखता आले नाही, तेही कोणाला? जो उलट्या अक्षरांच्या पेटीशेजारी बसून बाराखडी शिकला, त्याला!

फाइलीत काय कोणी कधी बदलले, याची नोंद यंत्र ठेवते. पण ती उघडून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. आकृती गुपचूप सुलटी करून ठेवावी, असाही विचार मनात येऊन गेला. तो किती वेळ टिकला, हे येथे सांगत नाही. पहाटे केव्हातरी दादांचे वाक्य आठवले, 'भोगणाऱ्याला वाटते, आपणच चुकलो.' मग झोप लागली नाही.

सकाळी आम्ही मालकांच्या खोलीत गेलो आणि डेटाशीट त्यांच्या पुढ्यात ठेवून काय झाले ते सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "काल का सांगितले नाहीत?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते आणि आजही नाही. बाहेर येऊन मुलाच्या टेबलापाशी गेलो. आमच्यापेक्षा तीस वर्षांनी लहान माणसाची क्षमा मागण्यास कोणत्या शब्दांनी सुरुवात करावी, याची जुळणी करीत आम्ही उभे होतो, तोच तो उठून उभा राहिला आणि खाली पाहत म्हणाला, "सार, मला माहीत होते. कालच नोंद पाहिली होती."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल, असे वाटले सार."

या उत्तरात टोमणा असता, तर आम्हांस बरे वाटले असते. पण तो नव्हता.

आता पाट्या दुरुस्त कशा करायच्या, हा प्रश्न. एकाने तोड काढली की, पाटीवरच्या प्रोग्रॅममध्येच उलटे लिहू. पाणी चढले की रिले सोडायचा, उतरले की ओढायचा. खर्च शून्य, वेळ अर्धा तास. मोह मोठा होता. पण पाटीची धाकटी वीज गेली किंवा प्रोग्रॅम अडकला, तर रिले आपोआप सुटतो. आणि मग रिकाम्या तळघरात पंप कोरडाच फिरत राहून जळून जावयाचा. उलट्यावर उलटे ठेवून सुलटे होत नाही; फक्त चूक एक मजला खाली उतरते. शेवटी प्रत्येक पाटीवर एके ठिकाणी तांब्याची रेघ कापायची आणि पलीकडच्या टोकाला जाड तार डाखायची असे ठरले. दोनशे छेद, दोनशे तारा. ते काम आम्ही मागून घेतले. मुलगा न बोलावता शेजारी येऊन बसला. आम्ही कापावे, त्याने डाखावे. आणि हातातली पाटी एकमेकांना देताना ज्याने जे केले नाही ते त्याने तपासावे, असा क्रम आपोआप पडून गेला. चार रात्री लागल्या. मधल्या वेळी तो आपल्या गावच्या तामिरबरणी नदीविषयी बोले, आम्ही मुठेविषयी. पाट्या सप्टेंबर संपण्यापूर्वी गेल्या. पुढे ६ आणि ७ नोव्हेंबरला चेन्नईत २०१५ नंतरचा सर्वांत मोठा पाऊस कोसळला. त्या रात्री आम्ही जागे होतो, आणि दर टपोऱ्या थेंबाबरोबर आमच्या कानांत एक 'टक्' वाजत होता. पाट्यांविषयी तक्रार आली नाही.

मुलगा कायम झाला. आमच्या लायब्ररीचा नियमही बदलला. आता प्रत्येक आकृतीच्या नोंदीत दोन नावे असतात, काढणाऱ्याचे एक आणि तपासणाऱ्याचे एक. दोन्ही नावे एकाच माणसाची चालत नाहीत. शिवाय मूळ चित्र वरून पाहिलेले की खालून, हे स्पष्ट शब्दांत लिहावे लागते. साडेचार हजार जुन्या आकृत्या आम्ही पुन्हा तपासावयास घेतल्या. ते काम अजून चालू आहे. आणखी तीन ठिकाणी चुका सापडल्या, त्यांतल्या दोन आमच्याच. त्या अजून कोणी वापरल्या नव्हत्या, एवढेच आमचे नशीब.

मामांना आम्ही हे काहीच सांगितले नाही. ग्रंथालयात एकही पुस्तक नाही म्हणून जो माणूस काळजीत पडला, त्याला तेथल्या चुकांची गोष्ट कशास सांगावी? पण त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस आता थोडेसे देता येईल. ग्रंथालयात येणारा मनुष्य पुस्तकाचे पान उघडतो तेव्हा अक्षरे जागच्या जागी आहेत असे धरूनच चालतो. आराखडा काढणाराही तसाच चालतो. प्रत्येक आकृती त्याने स्वतः मापायची म्हटली, तर एकही पाटी जन्मास यायची नाही. त्याचे हे न पाहता चालणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. ते कोणाच्या तरी काळजीवर टाकलेले ओझे आहे. ते ज्याच्यावर टाकले, त्याचे नाव कोठेही छापले जात नाही. दादांचेही कोठल्या पुस्तकावर छापलेले नाही.

परवा सकाळी एक नवा रिले आला. मुलाने त्याची आकृती काढली, कागदावर छापली आणि रिलेसह आमच्या टेबलावर आणून ठेवली. आम्ही चष्मा शोधत होतो. तो थांबून राहिला आणि मग म्हणाला, "सार, वरून की खालून?"

आम्ही रिले उचलला, उताणा केला आणि भिंगाखाली धरून पाय मोजावयास लागलो.